उरणचा धवला लायब्ररीत कुठे शोधायचा?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा लिखित अवतार. बोलताना नावं आणि आकडे भराभर निघून जातात, इथे ते सावकाश टिपून घेता येतील.

विषय निघाला एका श्रोत्या ताईंच्या प्रश्नावरून. त्या उरण तालुक्यातल्याच. घरात लग्न ठरलंय. त्यांच्याकडे आईच्या आवाजातल्या धवल्यांची एक जुनी कॅसेट आहे, पण एक धवला मध्येच तुटतो आणि पुढचे शब्द घरात कुणालाच येत नाहीत. त्यांनी विचारलं, "संगीताच्या लायब्ररीत हे मिळेल का? आणि गेले तर तिथे नेमकं काय मागू?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यातला दुसरा भागच खरा अवघड आहे. नेमकं काय मागू? पुस्तकांच्या लायब्ररीत आपण नाव सांगतो, लेखक सांगतो, काम होतं. गाण्याचं तसं नसतं. गाण्याला मुखपृष्ठ नसतं. एकच गाणं पाच ठिकाणी पाच नावांनी ठेवलेलं असतं आणि आपण सहावं नाव घेऊन काउंटरवर उभे राहतो. समोरची व्यक्ती म्हणते, "नाहीये." पुष्कळदा ते असतं. आपण विचारलेल्या नावाखाली नसतं, एवढंच.

म्हणून आज दोन गोष्टी सांगते. संगीताच्या संग्रहात वस्तू शोधायची कशी, आणि आपल्या भागातली गाणी तिथे सापडत नाहीत त्याचं कारण काय.

आधी धवला म्हणजे काय, ते थोडक्यात

उरण-पनवेलकडच्या मंडळींना सांगायला नको, पण आपले श्रोते सगळीकडे आहेत. आगरी लग्नात विधी चालू असताना जी गाणी म्हटली जातात ते धवले, आणि ते म्हणणारी बाई ती धवलारीण. ती नुसती गात नाही. कुठल्या विधीनंतर कुठला विधी, हे तिच्या गाण्यावरून चालतं. एका अर्थी लग्न लावणारी तीच.

हा शब्दही आजचा नाही. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने जे 'धवळे' रचले, तेही विवाहगीतंच. महदंबेला मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री मानतात. म्हणजे मराठीतल्या बाईच्या कवितेची जी पहिली नोंद आपल्याकडे आहे, तिचं नाव आणि आपल्या मांडवातल्या गाण्याचं नाव एकच. फरक एवढाच की महदंबेचे धवळे लिहून ठेवले गेले. आपल्याकडचे बरेचसे गळ्यातच राहिले.

एक गाणं, चार कपाटं

बऱ्याच मोठ्या लायब्रऱ्यांमध्ये पुस्तकं ड्युई दशांश पद्धतीने लावलेली असतात. पाठीवर जो आकडा असतो तो वर्गांक. संगीताचा वर्गांक ७८० पासून सुरू होतो. आता समजा लग्नगीतांचा एक संग्रह छापला गेलाय. ग्रंथपालांनी तो कुठे ठेवायचा?

सूर आणि चाल महत्त्वाची मानली तर ७८० च्या पुढे, लोकसंगीतात. लोकसाहित्य मानलं तर ३९८ ला. लग्नाच्या चालीरीतींचं पुस्तक मानलं तर ३९२ ला. आणि मराठी कविता मानली तर ८९१.४६ ला, कादंबऱ्या-नाटकांच्या शेजारी. चारही उत्तरं बरोबर आहेत. त्यामुळे संगीताच्या कपाटात पुस्तक दिसलं नाही म्हणून परत फिरू नका. उरलेली तीन कपाटंही बघा.

आपल्याकडच्या छोट्या सार्वजनिक वाचनालयांत तर वर्गांकापेक्षा विषयाच्या पाट्या असतात: काव्य, नाटक, चरित्र, लोकसाहित्य. आणि शेवटी एक पाटी असते, 'संकीर्ण'. लोकगीतांची पातळ पुस्तकं, स्मरणिका, मंडळांनी छापलेल्या गाण्यांच्या पुस्तिका बहुतेक वेळा तिथेच जाऊन बसतात. संकीर्णचं कपाट आवर्जून चाळा. आणि तालिकेत काही सापडत नसेल तर ग्रंथपालांना नम्रपणे विचारा, "दाखल नोंदवही बघता येईल का?" संग्रहात आलेली प्रत्येक वस्तू ज्या क्रमाने आली त्या क्रमाने तिथे लिहिलेली असते. एखाद्या संग्राहकाने आपली पेटी दान केली असेल, तर तालिकेत विखुरलेल्या वस्तू या वहीत एकाखाली एक दिसतात.

जाण्याआधी कागदावर पाच खुणा लिहा

माझा नियम असा की पाच खुणा लिहून घेतल्याशिवाय घरातून निघायचं नाही. सगळ्या भरता येणार नाहीत. दोन भरल्या तरी चालतं.

पहिली खूण, पहिली ओळ. भारतीय गाण्यांच्या याद्या मुख्यतः मुखड्यावरून लावलेल्या असतात. पण आपल्या लक्षात राहतं ते पुष्कळदा ध्रुवपद, किंवा मधलाच एखादा तुकडा. शिवाय लोकगीतांची सुरुवात बऱ्याचदा देवाच्या नमनाने होते, त्यामुळे वेगवेगळी गाणी एकाच ओळीखाली गोळा होतात. म्हणून पहिली ओळ लिहाच, आणि तिच्याबरोबर गाण्यातला एखादा वेगळा, दुसरीकडे न भेटणारा शब्दही लिहा.

दुसरी खूण, माणसं. लिहिणारा, चाल लावणारा आणि गाणारा ही तीन वेगळी नावं. 'मी डोलकर' घ्या. आपल्या किनाऱ्यावर ते घरोघरी माहीत आहे. शब्द शांता शेळके यांचे, संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचं, आवाज लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांचे. चार नावं, आणि वर 'कोळीगीत' ही पाचवी पाटी. 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळावर गीतकार, संगीतकार, गायक आणि राग अशा वेगवेगळ्या याद्या आहेत, त्या याचसाठी. कुठूनही आत शिरलात तरी गाण्यापर्यंत पोचता.

तिसरी खूण, राग, ताल किंवा चाल. शास्त्रीय संगीतात ही सगळ्यात भरवशाची. पंडित भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग रागांप्रमाणे लावलेले आहेत. राग माहीत असेल तर बंदिश सापडते, नसेल तर सहाही भाग चाळावे लागतात. नाटकाच्या पदांना वेगळी सोय आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत सौभद्र' १८८२ सालचं. त्या काळच्या संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्याच गाण्याचा उल्लेख केलेला असतो. म्हणजे हे पद त्या चालीवर म्हणा. ती छोटी ओळ सोडू नका. मूळ चालीपर्यंत नेणारी वाट तीच.

इथे एक सावधगिरी. स्वरलिपी हातात आली की आधी ती भातखंडे पद्धतीची आहे की पलुस्कर पद्धतीची, ते बघा. भातखंड्यांच्या लिपीत स्वराच्या डोक्यावरचा ठिपका म्हणजे तार सप्तक. पलुस्करांच्या लिपीत डोक्यावरचा ठिपका म्हणजे मंद्र सप्तक. एकच ठिपका, आणि सूर थेट दुसऱ्या टोकाला.

चौथी खूण, वस्तूवरचा आकडा. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीवर दोन आकडे असतात. लेबलवर छापलेला विक्रीचा क्रमांक, आणि लेबल व खाचा यांच्यामधल्या मोकळ्या जागेत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक. पहिला कंपनीच्या यादीत शोधायला उपयोगी. दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा असतो, त्यामुळे तेच मुद्रण दुसऱ्या लेबलवर पुन्हा निघालं तरी ओळखता येतं. लेबल फाटलं असेल तर दिवा तिरपा धरून कोरलेला आकडा वाचा. आणि हेही ध्यानात ठेवा की अशा तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-सव्वातीन मिनिटंच मावतात. मोठं गाणं तिच्यासाठी कापलेलं असतं. तबकडीवर आहे ते अख्खं गाणं, असं धरून चालू नका.

पाचवी खूण, प्रसंग आणि गाव. ज्या गाण्याला कवी नाही, राग लिहिलेला नाही, आकडा नाही, त्याला उरते ती एवढीच. हळदीचं, पाठवणीचं, बारशाचं, नारळी पुनवेचं. आणि कुठल्या गावचं. आपल्या ताईंचा धवला शोधायचा तो याच खुणेवरून. पण उरणच्या बाबतीत नेमकी हीच खूण सगळ्यात जास्त घोळ घालते.

गावाचं नाव बदललं की गाणं हरवतं

तुम्ही शोधताना 'रायगड जिल्हा' लिहिता. पण १९८१ पर्यंत या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. त्याआधीची नोंद असेल तर ती 'कुलाबा' म्हणूनच असणार. आता 'कुलाबा' लिहून शोधा, तर समोर येतं दक्षिण मुंबईतलं कुलाबा. आणखी मागे जायचं असेल तर आणखी गंमत. १८८२ च्या गॅझेटियरमध्ये उरणची माहिती आहे, पण ती ठाणे जिल्ह्याच्या खंडात, कारण तेव्हा आपण ठाण्यात होतो. म्हणजे एकाच गावासाठी तीन जिल्हे तपासायचे: रायगड, कुलाबा, ठाणे.

गावांचंही तेच. बंदर आलं तेव्हा शेवा गाव उठलं. आता नवीन शेवा आहे, हनुमान कोळीवाडा आहे. जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं १९८९ साली. त्याआधी कुणी शेव्यात बसून गाणी लिहून घेतली असतील, तर नोंद फक्त 'शेवा' अशी असेल. आज 'शेवा' शोधलं की न्हावा-शेवा बंदराचे कंटेनर सापडतात, माणसं सापडत नाहीत. म्हणून जुनं नाव, नवं नाव, आणि शेजारच्या मोठ्या गावाचं नाव, तिन्ही लिहून ठेवा.

आंदोलनांच्या गाण्यांना मात्र तारखांचा आधार असतो. चिरनेरचा जंगल सत्याग्रह २५ सप्टेंबर १९३० चा. जमिनींसाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यातला जसई-नवघरचा गोळीबार जानेवारी १९८४ मधला. या विषयांवरचं गाणं, पोवाडा किंवा पुस्तिका शोधायची असेल तर संगीताच्या कपाटात वेळ घालवण्याआधी इतिहासाचं कपाट, स्मरणिका आणि त्या तारखेच्या आसपासची वर्तमानपत्रं बघा.

'होरी' म्हणजे कोणती होरी?

आता भाषा. आगरी बोलीत 'ळ'चा 'ल' होतो, 'ण'चा 'न' होतो, आणि 'ड'चा पुष्कळदा 'र' होतो. होडीची होरी, गाडीची गारी. नोंद करणाऱ्याने ऐकलं तसं लिहिलं, की प्रमाण मराठीत सुधारून लिहिलं, यावर तुमचा शोध अवलंबून असतो. आपलाच शब्द बघा: धवला, धवळा, धवळे, ढवला, ढवळे. पाचही रूपं टाकून बघायची. तालिका रोमन लिपीत असेल तर आणखी एक प्रश्न, 'व'साठी व्ही लिहिलाय की डब्ल्यू. दोन्ही करून बघा.

आणि होरी तर अस्सल नमुना. उरणच्या माणसासाठी होरी म्हणजे समुद्रात जाणारी. संगीताच्या तालिकेत होरी म्हणजे होळीची, कृष्णाच्या रंगखेळाची, धमार तालात गायली जाणारी. तुम्ही 'होरी' लिहिलं की ढीगभर नोंदी येतील आणि त्यात एकही होडी नसेल. अशा वेळी शब्दाला जोड द्या: 'होरी कोळी', 'होरी दर्या', 'होरी आगरी'. एकट्या शब्दाने शोधू नका.

'कोळीगीत' या पाटीचंही तसंच. बाजाराने ती पाटी सगळ्यांवर एकसारखी चिकटवली. कवीने लिहिलेलं नवं गाणं, कोळणींचं पारंपरिक गाणं, आगरी हळदीचं गाणं, सगळं कॅसेटवर 'कोळीगीतं' म्हणूनच विकलं गेलं. त्यामुळे आगरी गाणं शोधतानाही कोळीगीतांची पेटी उघडावीच लागते.

उरणहून जायचं कुठे?

सुरुवात जवळच्या वाचनालयापासून करा. गावोगावच्या मंडळांच्या आणि शाळांच्या स्मरणिका तिथेच मिळतात, मोठ्या शहरात मिळत नाहीत.

शास्त्रीय संगीत, बंदिशी, परीक्षेची पुस्तकं असं काही हवं असेल तर वाशी. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं संकुल तिथे आहे, आणि 'संगीत कला विहार' हे मासिक त्याच मंडळाचं. जानेवारी २०२४ पासून उरणला लोकल आली, आता नेरूळला गाडी बदलली की वाशी.

मुंबईत जायचं असेल तर आपली मोरा-भाऊचा धक्का लाँच आहेच, फक्त भरती-ओहोटी बघून निघा. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये संगीताचा संग्रह आहे. लोकसंगीत आणि संगीतशास्त्र यांवर मोठं काम केलेले अशोक दा. रानडे तिथे कित्येक वर्षं होते. अशा ठिकाणी कपाटं आपल्यासाठी उघडी नसतात. काय हवं ते आधी कळवावं लागतं, मग ते आतून काढून देतात. म्हणून आधी फोन करा, आणि त्या पाच खुणा कळवा.

तबकड्यांबद्दल काही हवं असेल तर मुंबईची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स. सुरेश चांदवणकर आणि मंडळींनी १९९० साली ती सुरू केली, आणि 'द रेकॉर्ड न्यूज' या त्यांच्या नियतकालिकात तबकड्यांच्या याद्या आणि कलाकारांवर लेख आहेत. क्षेत्रात जाऊन केलेल्या ध्वनिमुद्रणांसाठी गुरुग्रामचं अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं संग्रहकेंद्र. ते १९८२ साली सुरू झालं ते आपल्या पुण्यातच.

आणि बायकांच्या गाण्यांचा शोध घेणाऱ्या प्रत्येकाने बघावा असा एक संग्रह म्हणजे जात्यावरच्या ओव्यांचा. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज त्या 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाकडे आहेत. पण आकड्यापेक्षा मला मोलाची वाटते ती त्यांची नोंद करायची पद्धत. ओवी कुणी म्हटली, ती बाई कुठल्या गावची, तालुका कुठला, ओवीचा विषय काय, हे सगळं ओवीबरोबर बांधलेलं आहे. त्यामुळे एखाद्या गावातली कुणी नात आपल्या आजीचं नाव घेऊन शोधू शकते. 'लोकगीत, पारंपरिक, महाराष्ट्र' अशी नोंद असती तर तिला काय सापडलं असतं?

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर

तर ताई, खरं सांगायचं तर तुमचा धवला जसाच्या तसा लायब्ररीत मिळण्याची शक्यता कमी आहे. वरची कपाटं आणि संग्रह जरूर बघा, त्याच विधीचा दुसऱ्या गावचा धवला हाती लागू शकतो. पण तुटलेल्या ओळींसाठी आधी आईच्या माहेरच्या गावात जा. धवलारणी एकमेकींकडून शिकतात. तुमच्या आईच्या शेजारी बसून जी साथ द्यायची, तिच्याकडे पुढचे शब्द असण्याची शक्यता कुठल्याही तालिकेपेक्षा जास्त. कॅसेट ऐकवा. ती तुटते तिथून पुढे त्या बाई बहुतेक आपोआप म्हणायला लागतील. आणि हे लग्नाच्या धावपळीत करू नका, या आठवड्यात करा. माझ्या बघण्यात हळदीला डीजे आहे, मांडवात भटजी आहेत, आणि धवलारणी सत्तरीच्या पुढे गेल्यात. लायब्ररी पुढच्या वर्षीही उघडी असेल.

घरची कॅसेट हीच तुमची लायब्ररी

शेवटचा भाग सगळ्यांसाठी. ज्यांच्या घरात अशा कॅसेटी आहेत त्यांनी एवढं करा.

कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोटे प्लॅस्टिकचे चौकोन असतात, ते आधी तोडून टाका. म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर वाजवू नका, आधी जाणत्या माणसाला दाखवा. आपल्या दमट हवेत हे फार होतं. डिजिटल करताना मूळ प्रत वेव्ह फाइलमध्ये ठेवा, व्हॉट्सॲपवर पाठवायला एमपीथ्री वेगळी काढा. फाइलला 'लग्नाची गाणी १' असं नाव देऊ नका. गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, प्रसंग, साल, एवढं नावातच घाला. गावाचं जुनं नाव असेल तर तेही. पुढे कुठे देण्याआधी त्या बाईंची किंवा त्यांच्या घरच्यांची परवानगी घ्या, आणि तशी नोंद ठेवा.

नवीन रेकॉर्डिंग करत असाल तर एक जुनी युक्ती वापरा. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं. त्या काळी तबकड्या तयार व्हायला जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात. तिथल्या कारागिरांना आपली भाषा कळत नसे. म्हणून गाणं संपलं की गाणारी आपलं नाव मोठ्याने सांगायची. त्या एका वाक्यामुळे लेबलवर बरोबर नाव छापलं जायचं. आजही ते नाव त्या आवाजाला चिकटून आहे.

आपणही तेच करू या. मोबाइल सुरू केलात की गाणं सुरू होण्याआधी बाईंना सांगा, "तुमचं नाव सांगा, गाव सांगा, माहेर सांगा, हा धवला कशाच्या वेळचा ते सांगा." अर्धं मिनिट लागतं. कागद फाटतो, फाइलचं नाव बदलतं, पण आवाजातच बांधलेली ओळख त्याच्याबरोबर राहते.

या आठवड्यात घरातली एक कॅसेट काढा, आणि तिच्यावर काय आहे ते पाच खुणांत लिहून मला पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही आपण एकत्र शोधू. तोवर, राम राम मंडळी.